वर्षाचं व्रत

अहो ब्राह्मीचे पप्पा,
जयजिनेंद्र.

सकाळी मळ्यातनं फोनवर तुम्ही म्हणालात, "त्रिशला, आपलं वर्षाचं ब्रह्मचर्य काल पुरं झालं. रविवारी महाराजांकडून दोघं आजन्म व्रत घेऊ. तुझं वैराग्य बघून मला बळ आलं." मी नुसतं बरं म्हटलं.

ते वैराग्य नव्हतं हो. व्रताआधीची दोन वर्षं माझे हातपाय गार पडायचे, केस गळायचे, तुम्ही जवळ आलात की झोपच यायची. सासूबाई म्हणाल्या, हिचं मन धर्मात लागलंय. मलाही तसंच वाटलं. व्रत घेतलं म्हणून मंदिरात आपला सत्कार झाला तेव्हा तर खात्रीच पटली.

चैत्रात विश्रामबागच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, थायरॉईड निघालं. तेवढं तुम्हाला सांगितलं. पण त्यांनी हेही विचारलं होतं, "नवऱ्याजवळ जावंसं वाटतं का?" मी खाली बघितलं. त्या म्हणाल्या, "तेही यानं कमी होतं. गोळीनं फरक पडेल, हळूहळू." ते मी सांगितलं नाही.

देवदर्शनाआधी पाणीही न पिणारी मी, आता उठल्याउठल्या गोळी घेते. गेल्या महिन्यात तुम्ही उसाला पाणी पाजून आलात आणि दारात पाय धुवत होतात. टॉवेल द्यायला आलेली मी तुमच्या पाठीकडं बघतच राहिले. शेवटी तुम्हीच हातातनं घेतलात.

हे तुमच्या हातात द्यायचं धाडस होत नाही. पत्र चुलीत घालते. वर्षभर बाहेरच्या खोलीत असलेली तुमची गादी संध्याकाळी तिथं दिसणार नाही. आत बघा.

तुमचीच,
त्रिशला