हिवराखालची जागा

प्रिय वृषाली,

अनेक आशीर्वाद. वायुवाहिनीचा तू पाठवलेला प्रकल्प-सारांश शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचला. त्यातील मराठी तुझी नसावी, अशी आशा करतो; खाली नाव मात्र तुझे आहे. पर्यावरणाच्या परवानगीला पूर्वी वर्षे लागत. तो काळ तुमच्या कार्यालयाने महिन्यांवर आणला, याचा मला अभिमानच वाटतो. नरडाण्याच्या कारखान्यांना वायू मिळाला, तर झुलालकाकांच्या प्रेमराजला कामासाठी सुरत गाठावी लागणार नाही. तेव्हा माझा विरोध नाही, हे आधी नोंदवतो.

इकडे अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली. पितरांची घागर पुजून तुझी आई, गुडघे दुखत असतानाही, तांब्या घेऊन नाल्याकाठच्या हिवराकडे गेली. एवढ्या झाडांत त्या काटेरी झाडालाच पाणी का, असे तू लहानपणी विचारायचीस. त्याला तहान जास्त, असे ती म्हणायची आणि तू हसायचीस.

नेमकी त्याच वेळी वाहिनीच्या मोजणीची माणसे तेथे आली होती. बुंध्यावर लाल खूण करणाऱ्याला ती बुंध्याखालच्या मातीकडे बोट दाखवून एवढेच म्हणाली, “आठे मन्हं लेकरू शे, भाऊ.” त्यांचा प्रमुख सभ्य होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली. नकाशात हे दाखवता येत नाही, सुनावणीत सांगा, अक्का, असे तो म्हणाला. तेव्हापासून ती सुनावणीची वाट पाहते आहे. त्या दिवशी नेसायचे लुगडेही तिने काढून ठेवले आहे. मार्गावर वस्ती, देवस्थान वा स्मशान नसल्याने सुनावणीची आवश्यकता नाही, हे तुझ्या सारांशातील वाक्य मी तिला अद्याप वाचून दाखवलेले नाही.

वृषाली, तुझ्याआधी तुला एक भाऊ होता. तो बारशापर्यंतही राहिला नाही. एवढ्या लहान जिवाला आपल्याकडे अग्नी देत नाहीत. झुलालकाकांनी आणि मी त्याला हिवराखाली ठेवले. ज्याला नाव नाही, त्याच्याविषयी तुला सांगायचे कसे, हे आम्हांला कधी उमगले नाही. वाहिनी थांबव, असे मी म्हणत नाही. नाल्याच्या पलीकडच्या काठानेही ती जाऊ शकेल, असे वाटते. अंतिम शिफारशीवर सही करण्यापूर्वी एकदा घरी ये. आई ते लुगडे नेसेल. हिवराखाली बसून तिचे म्हणणे तेवढे ऐकून घे.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
आबा