माझा आवाज उपलब्ध नाही

६ ऑक्टोबर
सकाळी फोनने अपडेट घेतलं आणि तेव्हापासून 'बोलका' ॲप चालत नाही. बोट लावलं की उघडल्यासारखं करतं आणि मिटतं. रश्मीला पुण्याला मेसेज केला. फोन तिनेच दिलेला, भारीतला. म्हणाली, बाबा, ॲप काढून टाका आणि स्टोअरमधून परत घ्या, सगळ्यांचं असंच होतं. काढलं. परत घ्यायला गेलो तर नाव टाकून सापडेना. जुन्या लिंकवरून गेलो, तिथे लिहिलेलं, 'हे ॲप आता उपलब्ध नाही.' बस, एवढंच. का नाही, कोणाला विचारायचं, काही नाही.

आईने आतून हाक मारली, "परभ्या, ऊन आलं का गा गॅलरीत?" उत्तर टाइप करायला बोट गेलं आणि रिकाम्या जागेवर थांबलं. बायकोने, सुमनने, स्वयंपाकघरातून सांगितलं, "आलं, आई."

७ ऑक्टोबर
दिवसभर चिडचिड. गळ्याच्या ऑपरेशनात स्वरयंत्र गेलं, जीव राहिला, त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. जगाशी माझं भागतं. लिहून दाखवतो, हातवारे करतो. भाजीवाल्यालाही आता माझी बोटं समजतात. पण आईला दिसत नाही. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. मला बोलता येत नाही, तिला वाचता येत नाही. मधे हे एक ॲप होतं.

गळ्याला लावून बोलायचं मशीन आणलं होतं मागे. भुंग्यासारखं घुमतं. आई घाबरली, "हे कोण आलं घरात?" म्हणाली. परत नाही लावलं. 'बोलका'त मात्र माझाच आवाज. ऑपरेशनच्या आधी मृणालने, नाशिकची ती ॲप बनवणारी मुलगी, माझ्याकडून दुपार-दुपार वाक्यं वाचून घेतली होती. आता मी टाइप करायचो आणि फोन माझ्या आवाजात बोलायचा. आईला तर बरेच दिवस पत्ताच नव्हता की हे मशीन आहे.

८ ऑक्टोबर
मृणालला काल लिहिलं होतं, तिचं उत्तर आलं. मोठं. तिच्या वडिलांचा आवाज गेला तेव्हा तिने हे त्यांच्यासाठी बनवलं, वडील गेल्यावर बाकीच्यांसाठी चालू ठेवलं. फुकट. आता फोनच्या कंपनीने कळवलं की माणसाच्या आवाजाची नक्कल करणारं ॲप नियमात बसत नाही, गैरवापर होऊ शकतो. तिने डॉक्टरांची पत्रं पाठवली. उत्तर आलं तेच, त्याच शब्दांत. परत पाठवली. परत तेच. "काका, तिकडे माणूसच भेटत नाही. नुसतं छापील उत्तर येतं."

माझी वाक्यं तिच्याकडे जपून आहेत. हे वाचलं आणि हात जोडले गेले आपोआप. आवाज हरवला नाही, फक्त अडकला आहे.

पण संताप काही जाईना. फोन माझा. आवाज माझा. बनवणारी द्यायला तयार, मी घ्यायला तयार. मधे दारात बसलेला म्हणतो, नाही. कळमन्याच्या बाजारात मी इतकी वर्षं संत्र्याच्या लिलावाची हर्राशी पुकारली. तिथेही अडून बसणारे होते. पण त्यांच्या तोंडावर जाऊन भांडता येत होतं. इथे तोंडच नाही कोणाला.

११ ऑक्टोबर
सु. माझं लिहिलेलं आईला वाचून दाखवते. आईने आज ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू वाचते ते बराबर हाय वं सुमन. पण तो रागावला का हसून राहिला, ते मले समजत नाही."

मग तिनेच रीत काढली. "परभ्या, हो असंल तर एक टाळी मार. नाही असंल तर दोन." झाली परीक्षा सुरू. चहा घेतला? टाळी. साखर जास्त होती? दोन टाळ्या. "सुमन तुले त्रास देते का?" सु. दारातच उभी. मी हात वर धरून बसलो. आई हसता हसता खोकली.

खूप दिवसांनी घरात असं हसणं झालं.

१५ ऑक्टोबर
सदरला फोनच्या दुकानात गेलो. सु. सोबत. काचेचं, थंडगार. काउंटरवरची मुलगी नम्र होती. "सर, ॲपचं आमच्या हातात नसतं. ते वरून असतं." वर म्हणजे कुठे, तिलाही माहीत नाही.

सु. एरवी दुकानात आवाज चढवत नाही. आज म्हणाली, "अवं बाई, हा माणूस काय दुसऱ्याचं मागून राहिला का? सोताचा आवाज मागून राहिला."

मुलीने आम्हाला बसवलं, पाणी दिलं. तिच्या जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून आमची तक्रार इंग्रजीत लिहून पाठवली. तिने आईचं नाव विचारलं आणि तेही त्यात घातलं. काही होईल असं तिलाही वाटत नव्हतं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी लिहिलं. देव तिचं भलं करो.

२३ ऑक्टोबर
दिवाळी झाली. रश्मी येऊन गेली. जाताना फोनकडे बघून रडवेली झाली, "मीच म्हटलं काढून टाका." मी पाटीवर लिहिलं, वेडी आहेस का. मग तिच्या डोक्यावर टपली मारली. ते लिहिण्यापेक्षा बरं कळलं तिला.

दुपारी रफिक आला, बाजारातला माझा जोडीदार. आंबिया बहाराची पहिली संत्री घेऊन. आईजवळ बसला, फोडी सोलून दिल्या. मग म्हणाला, "आज्जी, ऐका, परभाकरभाऊ कसे पुकारायचे." आणि माझी हुबेहूब नक्कल केली. शेवटच्या बोलीला मी आवाज जसा खेचायचो तसाच खेचला. खालच्या मजल्यावरून कोणीतरी वर डोकावलं. आई खूश. मग जरा वेळाने म्हणाली, "तसाच हाय बाप्पा. पण तो नाही."

रफिकने तोंड फिरवून डोळे पुसले. मी त्याच्या हातात संत्रं दिलं.

२८ ऑक्टोबर
आईला ताप. छातीत कफ. सकाळी दवाखान्यात भरती केलं. न्युमोनिया. ऑक्सिजन लावला आहे.

तापात तिला जागा कळत नाही. सारखं एकच, "परभ्या कुठं हाय? त्याले सांगितलं का?" मी तिचा हात धरून बसलेलो. सु. सांगते, "आई, हे काय, तुमच्याजवळच बसले हायेत." ती हात चाचपते आणि म्हणते, "हा कोणाचा हाय? परभ्या असता तर बोलला नसता का?"

एक टाळी मारली. शेजारच्या खाटेवरचा पेशंट दचकला. नर्स म्हणाली, काका, इथे टाळ्या नका वाजवू. बरोबरच आहे तिचं. आईला टाळी आठवलीच नाही.

छातीत शब्द होता. बाहेर फक्त गळ्याच्या भोकातून वारा येतो.

२९ ऑक्टोबर
सु.ने मला न विचारता मृणालला सगळं कळवलं. थोड्या वेळात तिचा फोन सु.ला, स्पीकरवर. "काकू, तुमचा फोन कोणता?" सु.चा साधा, दुसऱ्या जातीचा. त्यावर स्टोअरच्या बाहेरून आलेली फाईलही बसवता येते म्हणे. माझ्या भारीतल्या फोनवर ती सोय नाही. मृणाल त्या जातीच्या फोनसाठी वेगळं ॲप बनवत होती, ते अर्धवट होतं. "दिसायला काही नाही काका, नुसती एक चौकट आणि एक बटण. पण बोलेल." म्हणाली, आज बाकी काही करत नाही, हेच करते.

संध्याकाळी फाईल आली. उघडायला गेलो तर फोन म्हणतो, ही फाईल तुमच्या फोनला धोकादायक असू शकते. सु. माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली, दाब. तिने दाबलं.

आईच्या कानाशी फोन धरला. टाइप केलं, "आई, मी परभ्या. इथंच बसलो आहे."

माझाच आवाज. वॉर्डात.

आईने मान फोनकडे वळवली. मास्कमधून श्वास वाजत होता. मग म्हणाली, "आवाज काहून बसला तुझा? सर्दी झाली काय? सुमन, याले काढा दे वं."

सु. खाली बसून रडली. नर्सही डोळे पुसत होती. मी टाइप केलं, "घेतो काढा." आई म्हणाली, "मंग ठीक आहे," आणि झोपली. शांत.

मृणालला फक्त दोन हात जोडलेलं चित्र पाठवलं.

६ नोव्हेंबर
आई घरी. अशक्त आहे, पण भांडण्याइतकी ताकद आली आहे. तिला खिचडी नको, झुणका-भाकर पाहिजे. मी फोनमधून नाही म्हटलं. "डॉक्टर झाला का तू?" टाइप करेपर्यंत तिची पुढची दोन वाक्यं झालेली असतात. वादात मी नेहमी मागे. पूर्वी बोलता येत होतं तेव्हाही मागेच होतो.

सु.चा फोन आता माझ्याकडेच असतो. तिने तक्रार केली नाही. तिच्या बहिणींचे फोन आले की मी उचलतो आणि माझा आवाज त्यांना सांगतो, थांबा, देतो.

१७ नोव्हेंबर
मृणालने हीच फाईल बाकीच्यांनाही दिली. अमरावतीच्या एका बाईंनी तिला कळवलं की शाळेतल्या मुलींशी त्या परत बोलल्या. पण यवतमाळचे एक गृहस्थ आहेत, त्यांचा फोन माझ्या फोनच्या जातीचा, आणि दुसरा घ्यायची ऐपत नाही. ते तसेच बसले आहेत. कंपनीकडे केलेल्या अपिलाचं पुढे काही नाही. सदरच्या मुलीने लिहिलेल्या तक्रारीला उत्तर आलं, 'तुमच्या अभिप्रायाबद्दल आभार.' हसू आलं आणि वाईटही वाटलं.

रश्मी म्हणते, मी यवतमाळच्या काकांसाठी जुना फोन शोधते. तिच्या ऑफिसात विचारते आहे. पोरगी गुणाची आहे.

९ डिसेंबर
विधानसभेच्या अधिवेशनामुळे रस्ते बंद, घरीच होतो. दुपारी मृणालचा मेसेज. ही दुसरी, सु.च्या फोनची कंपनीही आता नियम आणते आहे. पुढे स्टोअरच्या बाहेरून फाईल द्यायची तरी बनवणाऱ्याने आधी त्यांच्याकडे नाव-गाव नोंदवायचं, त्यांनी ओळख मान्य करायची, मगच ॲप बसेल. "मी नोंदवते काका. मान्य करतील असं वाटतं. पण आधीही तसंच वाटलं होतं."

सु.ला वाचायला दिलं. तिने नकळत मोठ्याने वाचलं. आई गॅलरीत उन्हाला बसली होती, कान तिखट. "काय झालं गा? पुन्हा बंद पडते का तुझं बोलणं?"

लपवण्यात अर्थ नव्हता. टाइप केलं, "माहीत नाही, आई. चालूही राहील. सांगता येत नाही."

आई शालीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "त्या पोरीले म्हणा, लेकी, तुझे लय उपकार झाले. जे झालं ते झालं." आणि खुर्ची थोडी माझ्याकडे ओढली. "आता बस अठी. बंद पडंल तवा पडंल. तवर जे जे सांगायचं राहिलं असंल ना तुझं, ते सांगून टाक मले. मी काही कुठं जात नाही आजच्या दिवस."

सु.ने माझ्यासाठी बसायला वेताचा मोढा आणून ठेवला. बसलो आहे. फोन हातात. काय आधी सांगावं, ते ठरेना.