अण्णांची तिरंदाज

कोथरूड, नोव्हेंबर २००६

प्रिय तनया,

ई-मेल सोडून कागदावर लिहितेय, अक्षराला हसू नकोस. गणपतीत माळा आवरताना आपला कॉलेजातला खेळ सापडला. तुझ्या मामांनी अमेरिकेहून पाठवलेल्या नियमांच्या पुस्तकाची पुसट झेरॉक्स आणि तो वीस बाजूंचा फासा! ऑफिसातल्या सुखदेवने या खेळाचं नवं, चकचकीत पुस्तक आणलं होतं, पण नियम वाचण्यातच रविवार संपला. ऑफिसातलं सॉफ्टवेअरचं रिलीज, मुलीचे क्लास, क्लायंटचे कॉल सांभाळून एवढं कोण वाचणार? आपल्या जुन्या खेळात पात्र पाच मिनिटांत तयार होतं आणि तितक्याच झटपट मरतं. मग मी, श्याम आणि सुखदेव रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर तोच खेळू लागलो.

माझे सासरे, अण्णा, पेपराआडून बघायचे. आई गेल्यापासून 'हो', 'नको' आणि 'मीठ कमी आहे' याखेरीज ते फारसं बोलत नव्हते. एकदा मात्र त्यांनी विचारलं, "यात जिंकतं कोण?"

मी म्हटलं, "कुणीच नाही. मी गोष्ट सांगते, तुम्ही त्यातलं एक माणूस व्हायचं आणि काय करणार ते सांगायचं. जमलं की नाही ते फासा ठरवतो."

"म्हणजे संसारच की," म्हणाले आणि येऊन बसले.

त्यांनी तिरंदाज बाई निवडली. नाव ठेवलं यमुना. श्यामने चमकून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या आईचंच नाव. ही यमुना भलतीच बेधडक निघाली. डगमगत्या पुलावर तीच पुढे. राक्षसाला दम भरायची, "आधी चपला बाहेर काढा." हुबेहूब आई! हे सगळं अण्णांनी कुठे साठवून ठेवलं होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

परवाच्या रविवारी गुहेत तिला विषारी बाण लागला. जुने नियम कडक, एकच संधी. फासा अण्णांनीच टाकला. तीनच पडले, म्हणजे यमुना वाचणार नव्हती. मी घाईने म्हणाले, "परत टाका, टेबल हललं."

"टेबल हललं नाही, नम्रता." मग त्यांनी विचारलं, "मी तिच्याजवळ बसलो तर चालेल?"

"मी म्हणजे कोण, अण्णा?"

"मी. तिचा नवरा."

नियमांत हे कुठेच बसत नव्हतं. मी हो म्हटलं. मग ते डोळे मिटून तिला काहीबाही सांगत राहिले. अबोलीला फुलं आलीत, नातीचा दात पडला, असलंच.

हॉस्पिटलात आई गेल्या तेव्हा अण्णा खाली औषधं आणायला गेले होते. त्यावर आजवर त्यांनी एक अक्षर काढलं नव्हतं. त्या संध्याकाळी श्यामला म्हणाले, "लिफ्ट बंद होती रे त्या दिवशी." बापलेक गॅलरीत कितीतरी वेळ बोलत बसले होते.

तनया, तुझे बाबा गेले तेव्हा तू विमानात होतीस. फोनवर मला काही बोलता आलं नाही, आणि नंतर तूही तो विषय काढला नाहीस. डिसेंबरात त्यांचं घर आवरायला येशील, तेव्हा हॉटेलात उतरू नकोस. इथे ये. खेळलंच पाहिजे असं काही नाही. तुला बाबांबद्दल बोलावंसं वाटलं, तर मला ऐकायचंय.

तुझीच,
नम्रता