जुन्या बल्बचा दोष

अण्णा,

ट्रकची चावी खुंटीवर शोधू नका, मी घेऊन चाललोय.

काल ट्रकला एलईडी बल्ब बसवून भिंतीवर उजेड पाडला, तर तुम्ही म्हणालात, "अजून पिवळाच हाय की रं." अण्णा, तो उजेड दुधासारखा पांढरा हाय. माझे डोळे दिपले.

म्हणून सकाळी जुने बल्ब परत लावून बघितले. तेबी लख्ख हायत. येडशीच्या वळणावर तुम्ही ट्रक चालवताना तो सायकलवाला मेला, तवा बल्ब मंद होते म्हणून दिसला न्हाय, असं आपण पोलिसांना लिहून दिलं. म्या बी सही केली.

दुपारी ताई डोळ्याच्या दवाखान्यात न्यायला येईल. पायऱ्या उतरताना तिचा हात धरा.

मी पोलीस ठाण्यात चाललोय. जुने बल्ब संगं घेतलेत. त्यांचा काय बी दोष न्हाय.

सुगत