हर्नियाची तारीख मी ठरवतो

३ मार्च
डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे, ऑपरेशन लागेल. हॉस्पिटलच्या डेस्कवरच्या बाईंनी १९ तारीख दिली. विमा, कागदपत्रं, बिल, सगळं मी एकटा बघणार. बायकोला स्पष्ट सांगितलं, मध्ये पडायचं नाही. छत्तीस वर्षं ऑफिसात फायली हलवल्या आहेत. ती बरं म्हणाली. फार पटकन म्हणाली.

४ मार्च
१९ फार लांब. दुखतं म्हणून नाही, कामं रेंगाळलेली मला खपत नाहीत. डेस्कवर गेलो. बाई म्हणाल्या, काका, १९ लाच राहू द्या, तुमच्या पॉलिसीत... पुढचं बोलूच दिलं नाही. आवाज जरा चढवला. १२ मिळाली. बायकोनं विचारलं, पॉलिसी वाचलीत का? वाचली. पहिलं पान.

७ मार्च, दुपार
विमा कंपनीला फॉर्मचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: फोटोत फक्त अंगठा दिसतो आहे. अंगठा माझाच होता. तसं कळवलं.

८ मार्च
फॉर्म पुन्हा पाठवला. 'त्रास कधीपासून?' यापुढे 'फार वर्षांपासून' लिहिलं. जरा सहानुभूती मिळते.

११ मार्च
नामंजूर! हर्नियासाठी पॉलिसीला दोन वर्षं पूर्ण लागतात. ती होणार १५ तारखेला. शिवाय विचारतात, फार वर्षं म्हणजे नेमकी किती, पॉलिसी घ्यायच्या आधीपासून का? माणुसकी म्हणून राहिली नाही.
डेस्कवर जाऊन १९ परत मागितली. ती दुसऱ्या काकांना गेली. बाई म्हणाल्या, त्या दिवशी मी हेच सांगत होते. मला तसं काही आठवत नाही. आता थेट २८.

१३ मार्च
खोकला आला की पोट धरून बसावं लागतं. बायकोनं पोटाशी धरायला उशी दिली. म्हणाली, मी एक फोन करू का? म्हटलं कर, पण माझ्या देखरेखीखाली. देखरेख करता करता डोळा लागला. उठलो तर डॉक्टरांचं पत्र तयार, त्रास जानेवारीपासून, जे खरंच आहे. कोणीतरी रद्द केलेली २१ तारीखही आपल्याला. मी आधी पाया घातला होता म्हणून जमलं.

२१ मार्च, सकाळी ७
हॉस्पिटलचा झगा मागून उघडा. अशा वेशात अधिकारवाणीनं बोलणं कठीण. भीती अजिबात नाही. बायकोचे हात गार पडले होते, म्हणून माझ्या हातात धरून ठेवले. ती म्हणाली, गार तुमचे आहेत.

२३ मार्च
घरी सोडलं. विमा मंजूर, बिल कंपनीकडे. शेवटची सही करायला पुढे झालो, तर डेस्कवरच्या बाईंनी फाइल बायकोपुढे सरकवली. फाइलवर चिठ्ठी चिकटवलेली: 'सर्व चौकशी खालील नंबरवर करावी. पेशंटला काहीही विचारू नये.'
ऑपरेशनच्या माणसाला बोलायचा ताण नको, हा हॉस्पिटलचा नियम असणार.
अक्षर हिचं होतं.