सोफा सरकवायचा राहिला

२१ ऑगस्ट, रविवार दुपार

प्रिय ठमे,

घरी सगळे बरे असतील. इथे मुलगा, सून, नातू मजेत. मीही आहे. अक्षर बघून नाक मुरडलं असशील. टेबल डुगडुगतंय, म्हणून असं.

आपला तिसरा बाक आठवतो का गं? तू डावीकडे, मी उजवीकडे. तुझं उजवं कोपर आणि माझं डावं, यांची दिवसभर टक्कर. तुझ्या निबंधावर शाईचा डाग पडला की तू दात आवळून म्हणायचीस, "डावखुरे, सरक ना!" मग सिस्टरांनी मला डाव्या हातावर बसायला लावलं, अक्षरशः. हात मांडीखाली, पेन उजव्यात. वर्षभरात मी सरळ झाले. टक्कर थांबली, आणि खरं सांगू, तो बाक मला उगाच मोठा वाटायला लागला.

असो. मुद्द्यावर येते. गुरुवारी शाळेच्या समितीची बैठक आहे. नववीच्या मुलांनी शुक्रवारी दुपारी माझ्या पडद्यांच्या दुकानात काम शिकायला यायचं की ते बंद करायचं, हे तिथे ठरणार. मुख्याध्यापिका फोनवर फार अवघडून बोलल्या. "तक्रार समितीतल्याच बाईंची आहे हो," म्हणाल्या. पुढचं विचारायची गरजच नव्हती.

तक्रार खरी आहे. तुझ्या दिवाणखान्यातला पडदा एका टोकाला जमिनीला टेकत होता आणि दुसऱ्या टोकाला चार बोटं वर लोंबत होता. माझ्या दुकानातून असा पडदा बाहेर जायला नको होता. पण 'मुलांनी अभ्यास सोडून हे उद्योग का करायचे' असं जे तू लिहिलंस, तिथे मी भांडणार आहे.

ही मुलं माझ्याकडे नुसती शिलाई शिकत नाहीत. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मापं घेतात, कापड दाखवतात, भाव सांगतात, शिवतात, टांगतात. तुझ्याकडे आली होती ती दोघं. तो बोलका मुलगा, त्याला आम्ही वकील म्हणतो. त्याची शिवण रस्ता चुकल्यासारखी जाते, पण पडदे बघायला आलेल्या बाईला तो उशांचे अभ्रेही विकतो. बापाने त्याला इंजिनियर करायचं ठरवलंय. तो मात्र परवा मला विचारत होता की कापडाचा भाव नेमकं कोण ठरवतं. आणि ती बारकी, न बोलणारी, ती मुंगी. आपल्या दुप्पट आकाराचा तागा एकटी उचलते म्हणून मुंगी. मापं तिने घेतली होती.

माझ्या दुकानात एक नियम आहे. चूक ज्याची, त्याने जाऊन बेल वाजवायची. म्हणून शुक्रवारी त्या दोघांना तुझ्याकडे पाठवलं. परत आली ती तोंडं पाडून.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"खूप बोलल्या," वकील म्हणाला. "मी काय प्रयोगशाळेतला बेडूक आहे का, म्हणाल्या."

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, नाही काकू, तुम्ही बेडूक नाही."

मला हसू आवरेना, ठमे. तुलाही आत गेल्यावर आलं असणार, मी ओळखते तुला. मुंगी मात्र हसली नाही. तिला जवळ बसवलं आणि विचारलं, "जमीन कुठल्याच घरात सपाट नसते, म्हणून तीन जागी मोजायचं, हे शिकवलं होतं ना?"

"हो."

"मग एकाच जागी का मोजलंस?"

"बाकीच्या जागी सोफा होता."

"सरकवा म्हणायचं."

तिने टेप बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "त्या त्याच्यावरच बसल्या होत्या. एवढ्या मोठ्या बाईंना ऊठ कसं म्हणायचं?"

आता तूच सांग, हे कुठल्या पुस्तकात शिकवणार? ही मुलगी उद्या बँकेत जाईल, दवाखान्यात जाईल, नाहीतर स्वतःचं दुकान टाकेल. कुठेही गेली तरी कुणाला तरी 'जरा उठता का, मला नीट मोजायचंय' म्हणावंच लागणार. ते चौदाव्या वर्षी तुझ्यासमोर अडखळून शिकली, तर तुझा पडदा चार बोटं वर राहिला, एवढंच ना?

जाता जाता वकिलाने आणखी एक सांगितलं. तू म्हणालीस म्हणे, "पूर्वी तुमच्या बाई स्वतः यायच्या. स्टुलावर चढून पडदा लावायच्या, चहा घेऊन जायच्या. आता आम्ही जुने झालो. आता आम्हाला पोरं पाठवतात."

त्याचं उत्तर नंतर देते. सून चहाला बोलावतेय.

संध्याकाळ

चहा झाला. पत्र तसंच पाकिटात घालणार होते. पण मुंगीला ओरडून स्वतः गप्प बसायचं, हे बरं दिसत नाही.

टेबल डुगडुगत नाहीये, ठमे. मी डाव्या हाताने लिहितेय.

मार्चमध्ये दुकानात कापड बेतताना कात्री हातातून गळून पडली. उचलायला वाकले तर बोटं ऐकेनात. दवाखाना, गोळ्या, व्यायाम, सगळं झालं. डॉक्टर म्हणतात, हात परत आला तेवढाच आता तुमचा. खांद्याच्या वर जात नाही. वेणी सून घालून देते. तुझ्या दाराशी येऊन म्हणायचं होतं, "आज तू स्टुलावर चढ, मी खाली उभी राहते." तोंडातून निघालं नाही. म्हणून मुलं पाठवली. मुंगीला सोफा सरकवा म्हणता आलं नाही आणि मला हे. ती निदान लहान आहे.

कीव करू नकोस हं, मला चालणार नाही. आणि हाताकडे बघून मत देऊ नकोस, पडद्याकडे बघून दे. शुक्रवारी उतरवून आणलेल्या पडद्याची खालची दुमड मुंगीने उसवून ठेवली आहे, आत कापड भरपूर आहे. मंगळवारी चार वाजता, मुख्याध्यापिकांच्या परवानगीने, ती पुन्हा माप घ्यायला येईल. वकील स्टूल आणेल. मीही येईन, खुर्चीत बसेन, डाव्या हाताने चहा सांडेन. बुधवारी पडदा टांगतील. पुन्हा वाकडा लोंबला तर गुरुवारी आमच्याविरुद्ध खुशाल बोल, मी रुसणार नाही. सरळ आला, तर उठून तेवढंच सांग.

समितीने नाही म्हटलं तरी मी शिकवणं थांबवणार नाही, रविवारी घरी वर्ग घेईन. पण मग मुंगी येणार नाही. तिच्या घरून तिला शाळेशिवाय कुठेही सोडत नाहीत. माझ्याकडे आली ती शाळेने पाठवली म्हणून. अशा किती जणी आहेत, ते तुझ्या समितीला दिसत नाही. मला दर शुक्रवारी दिसतं.

वर्ष संपलं की दुकान आवरणार आहे. कापता येत नाही, तर दुकान अडवून काय करू? कुणाला काय द्यायचं ते तुला सांगून ठेवते, म्हणजे माझ्या मागे कुणी घोळ घालायला नको. शिलाईची तिन्ही मशीनं शाळेच्या कामाच्या खोलीत जातील. मी तिथे बसून तोंडाने शिकवेन, तोंड अजून शाबूत आहे. कापडाच्या नमुन्यांचे गठ्ठे वकिलाला, तो ते घेऊन कुठेही गेला तरी रिकाम्या हाताने परत येणार नाही. स्टूल सुनेला, तिला कुंड्यांसाठी हवंय. मोठी कात्री मुंगीला. ती कात्री उजव्या हाताची आहे, माझ्या डाव्या हातात नुसती कापड चावते.

पितळी टोकांची टेप तुला. शाळेच्या स्टेजचा पडदा मोजताना तिचं दुसरं टोक तूच धरलं होतंस.

आणि मंगळवारी सोफा आधीच सरकवून ठेवू नकोस. त्याच्यावर बसून राहा. तिचं तिला म्हणू दे.

तुझी, पुन्हा एकदा,
डावखुरी