दोन नंबरच्या इंजिनाचं बेअरिंग

३ जुलै १९४१, गुरुवार

वीज कंपनीनं समिती नेमली – लढाई लांबली तरी गावाची वीज बंद पडू नये म्हणून. पेपरवाला या नात्यानं मलाही बोलावणं. दोन तास बसलो. कोळसा कन्हानकडून येतो, तेल कलकत्त्याहून, इंजिनाचे सुटे भाग विलायतेहून. नागपूरचं काय, तर बटण. हे कुणाच्या लक्षात आल्याचं दिसलं नाही. ठराव एकच झाला: पुढची बैठक पंधरवड्यानं. चहा उत्तम. बिस्किटं विलायती; त्यांचा पुरवठा सुरळीत आहे.

५ जुलै, शनिवार

सोमवारच्या सदराला विषय नव्हता. वीजघराच्या गोदामात सापडला. देवराव, स्टोअरकीपर, पंचवीस वर्षांची नोकरी. एक नंबरचं इंजिन मोडून बारा वर्षं झाली, पण त्याचे बोल्टसुद्धा या माणसानं ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून, चिठ्ठ्या बांधून ठेवले आहेत. एक मोठं पितळी बेअरिंग माझ्यासमोर पुसायला घेतलं, ते अर्धा तास पुसतच राहिला.

"हे कशाला ठेवलं?"

"दोन नंबरले बसते, भाऊ. चालू इंजिन तेच हाय. त्याचं बेअरिंग गेलं अन् जहाज नाही आलं, तं काय करसान?"

"जहाज येतंच की."

"तुमी पेपरवाले. कोनतं जहाज बुडून राहिलं ते तुमालेच ठाऊक."

हे बरं बोलला. पण सदरात बसणार नाही. बोल्ट बसतील.

७ जुलै

'वीजघरातला अजब बंगला' छापून आलं; म्युझियमची उपमा लोकांना पटली. संपादक कृष्णकांतराव दोनदा हसले, दुसऱ्यांदा माझ्यासमोर. बर्डीवर एका अनोळखी गृहस्थानं थांबवून 'गंजक्या बोल्टाला जावयासारखं तेल लावणारा' हे वाक्य मलाच म्हणून दाखवलं. कंपनीच्या मॅनेजरनी कात्रण मागवलं म्हणे.

घरी उत्तरा म्हणाली, "त्या माणसानं वाचलं असेल का हो?" वाचलंच असेल. गावानं वाचलं.

२१ जुलै

समितीची दुसरी बैठक. मॅनेजरनी माझं कात्रण मोठ्यानं वाचलं – उच्चार वाईट, पण हशा ठरल्या जागी आला. मग निर्णय: पुरवठा मजबूत करायचा तर आधी गोदाम मोकळं करावं, म्हणजे नव्या सुट्या भागांना जागा होईल. जुनं पितळ लढाईच्या भंगारात द्यावं. नवे भाग कुठून येणार, हा विषय वेळेअभावी पुढच्या बैठकीत. इतिवृत्तात माझे आभार.

२६ जुलै

दोन बैलगाड्या भरून भंगार गेलं. देवराव फाटकाशी उभा होता. मी नमस्कार केला. त्यानंही केला.

२ सप्टेंबर

दोन नंबरच्या इंजिनाचं बेअरिंग गेलं, त्याला चार दिवस झाले.

एक दिवसाआड वीज. आज बर्डी, उद्या महाल. छापखान्याची मोटर बंद. यंत्राचं चाक फिरवायला चार हमाल लावलेत. आठ पानांचा अंक चार पानांवर आला. सदर तेवढं शाबूत – कृष्णकांतरावांच्या मते अशा वेळी लोकांना हसायला लागतं. विलायतेला तार गेली होती. उत्तर: नऊ महिने, समुद्र मोकळा असल्यास.

६ सप्टेंबर

समितीची तातडीची बैठक. ठराव पहिला: समितीच्या खोलीसाठी दोन कंदील. ठराव दुसरा: गोदामात सुटा भाग का नव्हता, याची चौकशी. भाग सांभाळायचे कुणी? स्टोअरकीपरनं. ते भंगारात जाताना बोलायचं कुणी? स्टोअरकीपरनं. तो बोलला नाही याला पुरावा काय? तर माझं सदर! त्यात पाच परिच्छेदांत एकही वस्तू कामाची म्हटलेली नाही. चौकशी होईपर्यंत देवराव कामावरून दूर. बडतर्फ झाला तर कंपनीच्या चाळीतली खोलीही सोडावी लागेल. घरात सहा माणसं आहेत म्हणे.

८ सप्टेंबर

देवराव घरी आला. बस म्हटलं तर बसला नाही.

"भाऊ, म्या तुमाले सांगतलं होतं ना, ते दोन नंबरले बसते म्हून?"

"सांगितलं होतं."

"मंग तेवढंच सायबायले सांगा. दुसरं काई नको."

विचार करतो, म्हणालो.

"करा ना. कंदील पायजे असन तं समितीत दोन हायेत."

उत्तरा दारात येऊन म्हणाली, चहा तरी घ्या. नाही घेतला.

९ सप्टेंबर

कृष्णकांतरावांनी बोलावलं. "साक्ष द्यायला निघालात असं ऐकतो. म्हणजे आपण छापलं ते खोटं?"

म्हणालो, खोटं एकही वाक्य नव्हतं.

"मग झालं तर. आणि पहिल्या पानावर जाहिरात कुणाची असते, ते एकदा बघून घ्या."

दिवसभर तेच घोळवलं. खोटं एकही नव्हतं. वीस वर्षांच्या धंद्यात एवढं तरी साधलं. उद्या प्रकृती बरी नाही, असं चौकशीला कळवावं. चिठ्ठी लिहून ठेवली. चार ओळींची, उत्तम उतरली आहे.

१० सप्टेंबर

गेलो. ते बेअरिंग चालू इंजिनाला बसतं हे देवरावांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, असं सांगितलं. साहेबांनी विचारलं, "मग लेखात ते का नाही?"

"घातलं असतं तर कोणी हसलं नसतं."

कारकुनानं उतरून घेतलं. मी वाचून पाहिलं. एकही शब्द न बदलता खाली सही केली.